रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज

दारात कुणाची नवी गाडी येऊन उभी राहिली, की आमचे हे पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी विचारतात, "ॲव्हरेज किती देती?" पाहुणा पेढ्यांचा पुडा हातात धरून तसाच उभा. तो "पंधरा" म्हणाला की हे मान हलवतात, "बारा देत आसंल. कंपनी सांगती तेवढं रस्त्यावर मिळत न्हाई." एवढं झालं की मग त्याला खुर्ची मिळते. मी आतून कितीदा ओरडले असेन, "अहो, माणसाला बसू तर द्या!" पण पालथ्या घड्यावर पाणी.

ह्यांचंही अगदीच चुकत नाही म्हणा. कोपरगावात पस्तीस वर्षं ह्यांचं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. ज्याची गाडी काळा धूर ओकायची आणि ढसाढसा डिझेल प्यायची, तो ह्यांच्या दारात यायचा. उसाचे ट्रॅक्टर, दुधाचे टँकर, वाळूचे डंपर, सगळे. हे नुसता इंजिनाचा आवाज ऐकून सांगायचे, "तिसरं नोझल टपकतंय." आणि तिसरंच निघायचं. पुढे गाड्यांत सगळं कॉम्प्युटरवर आलं, गिऱ्हाइकं आटली, आणि एक दिवस ह्यांनी शटर ओढलं ते ओढलं. माझीही जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी त्याच सुमारास संपली. मी चिडकी आहे, हे आत्ताच सांगून ठेवते. तीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळून कुणाचा स्वभाव गोड राहिला असेल तर मला आणून दाखवा.

तर अशी आम्ही दोघं दिवसभर घरात. ह्यांच्या हातात मोबाईल. त्यात एके दिवशी ह्यांना ती मोटारहोम दिसली. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, गाडीतच संडास-बाथरूम. कुठलंसं जोडपं डोंगरात गाडी लावून पोहे खात होतं. हे म्हणाले, "आपुन घ्यायची का अशी एक?" मी म्हटलं, "हौसेला मोल नसतं, पण अक्कल असावी." असं म्हटलं खरं, पण पोळी तव्यावर करपेपर्यंत मी त्या व्हिडिओतला तो छोटासा दरवाजा बघत राहिले. बाथरूमचा.

आता माझं सांगते. लाजायचं वय गेलं. सहा वर्षांपूर्वी माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. त्यानं म्हणा की वयानं म्हणा, पण नंतर लघवीवर माझा ताबा राहिला नाही. आली म्हणजे आली. खोकला आला, शिंक आली, गाडी खड्ड्यात आदळली, की संपलं. औषधं झाली, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले व्यायाम झाले, थोडा फरकही पडला. घरात काही अडत नाही, चार पावलांवर सोय आहे. घोडं पेंड खातं ते बाहेर पडल्यावर. मुलीनं पुण्याहून पॅड पाठवले, पण ते बदलायचे कुठे? पेट्रोल पंपावर जावं तर दाराला कुलूप, आणि चावी ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. रस्त्याच्या कडेला बसावं तर आता झुडूप शिल्लक नाही, जिकडे तिकडे धाबे आणि प्लॉटिंगचे बोर्ड. म्हणून मी बाहेर जाणंच सोडून दिलं. लग्नं सोडली, सहली सोडल्या, आणि माहेरही सोडलं.

माझं माहेर पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या पुढे आत. कोपरगावहून दीडशे किलोमीटर धरा. तिथे माझी अक्का असते, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा माझी वेणी अक्कानं घातली, आणि मला डी.एड.ला पाठवावं म्हणून वडिलांशी तीन दिवस अबोला धरला तोही अक्कानंच. पुढे नवरा गेला, मूलबाळ नाही, म्हणून ती परत माहेरी भावाच्या घरी आली. पाच वर्षं झाली होती, मी अक्काला समोर बसून पाहिलं नव्हतं. मोबाईलवर दिसायची, पण ती मोबाईल असा धरायची की मला तिचं निम्मं कपाळ आणि घराचा पत्राच दिसायचा. "तूच ये की इकडे," म्हटलं की म्हणायची, "मला गाडी लागती गं, उलट्या व्हत्यात." आणि मी का जात नाही, ते मी तिला कधी सांगितलं नाही. ह्यांच्या वर्कशॉपवर कामं फार आहेत, असं सांगायचे. वर्कशॉप बंद झालं तसं तेही कारण गेलं. अक्का सत्तरीच्या पुढे गेली होती. एकदा फोनवर म्हणाली, "आता भेट व्हती का न्हाई, कुणास ठाव." मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले.

म्हणून त्या रात्रीच्या जेवणाला मीच विषय काढला. "घ्यायची तर घेऊ मोटारहोम. पण बाथरूम असलेली."

ह्यांना काय, माकडाच्या हाती कोलीत. दुसऱ्या दिवसापासून वही आणि पेन. जुन्या गाडीखेरीज परवडणार नव्हतं, त्यामुळे कुठे कोण विकतंय याचा शोध सुरू झाला. पहिली बघितली ती संगमनेरला, एक छोटी व्हॅन. मागे गादी टाकलेली, बाजूला शेगडी. मालक म्हणाला सोळा देते, ह्यांनी चालवून बघितली आणि म्हणाले, "चौदा तरी नक्कीच." ह्यांचा चेहरा असा खुलला की मला जरा हेवाच वाटला.

मी विचारलं, "आणि बाथरूम?"

"एक खुर्ची मिळती ना, खाली डबा आसलेली, ती ठिवू. पडदा लावू."

"कुठे ठेवायची? माझ्या डोक्यावर?"

ती व्हॅन राहिली. मग एक भलीमोठी बघितली, बसच्या सांगाड्यावर बांधलेली. तिच्यात बाथरूम काय, सोफासुद्धा होता. हे खाली वाकून बघून आले, वर चढून बघून आले, आणि मालकाला म्हणाले, "साडेपाच देती, व्हय ना?" तो माणूस कसनुसा हसला. येताना हे वाटभर मला समजावत होते, आणि खरं सांगते, ह्या विषयावर बोलायला लागले की हे फार छान बोलतात. म्हणाले, लोक नुसतं इंजिन बघतात. पण मोटारहोम म्हणजे उभं कपाट. साठच्या स्पीडला वारा कपाटाला जरासा ढकलतो, ऐंशीला छातीवर बसतो. टपावर एसी, टपावर पाण्याची टाकी, टपावर सायकली, असलं जेवढं वर चढवाल तेवढं डिझेल वाऱ्यालाच जातं. टायरात हवा कमी असली तरी तेच. आणि गाडी उभी करून एसीसाठी इंजिन चालू ठेवणारे तर ह्यांच्या मते फटके मारण्याच्या लायकीचे.

"आणि सगळ्यात वाईट वजन," हे म्हणाले. "एक लिटर पानी म्हंजे एक किलो. लोकं दोन-दोनशे लिटर पानी घेऊन फिरत्यात. येडी का खुळी!"

मी तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होते. हे वाक्य नीट ऐकायला हवं होतं मी.

तिसरी गाडी राहात्याला सापडली. सतरा सीटच्या टेम्पोवर बांधलेली. एका हॉटेलवाल्यानं शिर्डीला येणाऱ्या लोकांना भाड्यानं द्यायला म्हणून करून घेतली होती, पण तो धंदा काही त्याला जमला नाही. दोन पलंग, एक शेगडी, आणि मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढं बाथरूम. मी आत गेले, कडी लावली, बटण दाबलं. पाणी आलं. मी बाहेर आले आणि ह्यांच्या कानात म्हटलं, "हीच."

मालक म्हणाला, "अकरा देते साहेब."

"नऊ," हे म्हणाले.

मालकानं हात जोडले. दोन दिवस घेऊन जा, पटलं तर बोलू, म्हणाला. माणूस सज्जन होता.

आता ह्यांची परीक्षा सुरू झाली. आधी गाडी नेली वजनकाट्यावर. आमच्या भागात वजनकाट्यावाचून कुणाचं पान हलत नाही. ऊस काट्यावर, कांदा काट्यावर, भंगारसुद्धा काट्यावर. आधी भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी तोलायची, वजावट झाली की मालाचं वजन हातात. ह्यांनी उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत ही पडदे लावलेली गाडी उभी केली. काट्यावरचा माणूस खिडकीतून डोकं काढून विचारायला लागला, "काका, ह्यात माल काय हाय?"

मी आत बसले होते. मी ओरडून सांगितलं, "मी!"

सगळी रांग हसली. हेसुद्धा हसले. तो दिवस फार चांगला गेला.

संध्याकाळी ठरलं की दुसऱ्या दिवशी लांबचा फेरा मारायचा. टाकी गळ्यापर्यंत भरायची, फिरून आलं की परत गळ्यापर्यंत भरायची, जेवढं डिझेल मावेल तेवढं खर्च झालं. ह्यांच्या भाषेत टाकी टू टाकी. सपाट रस्ता हवा आणि घाटही हवा. हे म्हणाले, "नगरवरून करंजी घाटानं पाथर्डीकडं जाऊन येऊ."

माझा हात पिठातच थांबला. "म्हणजे माझ्या माहेराला?"

"तेच म्हनतोय की येडे. अक्काला सांग."

मी फोन केला. अक्का म्हणाली, "खरं का गं?" आणि दोनदा तेच विचारलं. नंतर भावाच्या सुनेनं सांगितलं की तिनं त्याच संध्याकाळी पुरणाची डाळ निवडायला घेतली.

सकाळी निघताना मी मुद्दाम तांब्याभर पाणी प्यायले. सहा वर्षांत मी प्रवासाच्या दिवशी पाण्याचा घोट घेतला नव्हता. ओठ सुकले तरी नाही. त्या दिवशी मी आपल्या घरातून दुसऱ्या आपल्या घरात बसायला निघाले होते, मला कसली भीती! नवी साडी नेसले, अक्कासाठी लुगडं घेतलं, आणि हे स्टिअरिंगवर बसले ते साठच्या वर काटा जाऊ न देता. राहुरीच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे अडकलो, तर हे त्या ट्रॉलीवाल्यावर चिडायचं सोडून "दुसऱ्या गेरात डिझेल जातंय बघ" म्हणून हळहळत होते.

नगर ओलांडलं, पाटीवर आता अहिल्यानगर आहे पण आमच्या तोंडातून नगर जात नाही, आणि मला घाई लागली. मी ऐटीत उठले. "चालू राहू द्या गाडी," म्हटलं, राणीसारखी. मागे गेले, दार उघडलं.

भांड्याखालची मैल्याची पेटी नव्हती. जिथे ती बसते तिथे नुसतं भोक होतं, आणि त्यातून मागचा पत्रा दिसत होता. मी नळ सोडला. नुसती हवा आली. मग माझ्या लक्षात आलं की पलंगावर गाद्याही नाहीत, त्यावर नुसती चादर अंथरलेली आहे. गॅसची टाकीही नाही.

"अहो! पाणी कुठे आहे? पेटी कुठे आहे?"

"पहाटंच राहात्याला ठिवून आलो समदं," हे पुढून आनंदानं म्हणाले. "पानी सकाळीच सोडून दिलं. आधी रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज कळू दे, मग भरल्याचं काढू. काट्यावर वजावट करतो तसंच."

मी म्हटलं, "गाडी थांबवा." थांबवायला जागा नव्हती, मागे ट्रक होता, पुढे जाऊन एक पंप लागला. मी उतरून धावले. दाराला कुलूप. चावी कुणाकडे ते पंपावरच्या पोराला माहीत नव्हतं. मी त्या कुलूप लावलेल्या दारासमोर उभी होते आणि माझी नवी साडी खालपर्यंत भिजली.

लोक होते तिथे. डिझेल भरायला थांबलेला एक टेम्पो होता, त्यात माणसं होती. त्यांनी माना वळवल्या. चांगली माणसं होती म्हणून वळवल्या, आणि तेच मला जास्त लागलं.

हे धावत आले. "तुझ्याकडं दुसरी साडी हाय ना? बदल गाडीत. इथून अर्ध्या तासावर तर..."

"धुऊ कशानं?" मी म्हटलं. मी हळू बोलत नव्हते. "कशानं धुऊ? पाणी तुम्ही सोडून दिलंत! अहो, ही गाडी कशासाठी घेतोय आपण? मला त्या दाराच्या आत बसता यावं म्हणून घेतोय ना? आणि तुम्ही तेच काढून ठेवलंत! मीही ओझंच आहे, मलाही राहात्याला ठेवून यायचं होतं!"

त्यांचं तोंड एवढंसं झालं. पंपावरून एक बादली पाणी आणलं त्यांनी, पण मी गाडीत चढले आणि म्हटलं, "मागे वळवा." ते म्हणाले, "अक्का वाट बघत आसंल." मी म्हटलं, "अशा वासानं मी तिच्या पाया पडू?" गाडी वळली. अक्काला मी फोनवर सांगितलं की गाडी बिघडली. ती "बरं बरं, संबाळून जा" म्हणाली, आणि तिच्या आवाजामागे कुणीतरी पाट्यावर काहीतरी वाटत होतं.

चार दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. स्वयंपाक करायचे, ताट आपटायचे. मला वाटलं, संपलं हे मोटारहोमचं खूळ, आणि संपलं माझं माहेरही. पाचव्या दिवशी हे सकाळीच कुठेतरी गेले, संध्याकाळी आले, आणि दारात ती गाडी. व्यवहार करूनच आले होते. मला काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. मग दोन दिवस अंगणात खटपट चालली. मी खिडकीतून बघायचे. पेटी बसवली. टपावरचं लोखंडी कॅरिअर काढून टाकलं. टायरातली हवा तपासली. पाण्याची टाकी आतून घासली, बागेचा पाइप लावून काठोकाठ भरली. गाद्यांना उन्हं दाखवली. आणि मग हा नोझलवाला माणूस बाथरूममध्ये जाऊन बसला, कडी लावली, आणि एकदा, दोनदा, पाचदा पाणी सोडून बघितलं. बाहेर आला तेव्हा पँटच्या गुडघ्यांवर ओल होती.

चहा घेऊन मीच गेले शेवटी. राग होता अजून, पण किती दिवस भिंतींशी बोलायचं?

"नारळ आणला का?" मी विचारलं.

"आनला," ते म्हणाले. "लिंबंबी आनल्यात."

नारळ फुटला, चाकाखाली लिंबं गेली, आणि आम्ही निघालो. सगळं भरलेलं होतं. दीडशे लिटर पाणी, गाद्या, गॅस, वर माझे डबे, अक्काचं लुगडं, भावाला द्यायचे पेरू. मी पाणी मात्र प्यायले नव्हते. मन धजलं नाही. राहुरीच्या पुढे ह्यांनी स्वतःच विचारलं, "जाऊन येतीस का?" मला फारशी गरज नव्हती, तरी गेले. कडी लावली, गाडी हलत होती, पाणी येत होतं. परत येऊन बसले आणि बाटली तोंडाला लावून अर्धी संपवली. ह्यांनी तिरक्या नजरेनं बघितलं. नगरच्या पुढे तो पंप आला. मी मान दुसरीकडे केली, आणि ह्यांनी त्या दिवसातली एकमेव चूक केली, स्पीड वाढवला.

तिसगावला डिझेल भरायला थांबलो. टाकी गळ्यापर्यंत झाली, ह्यांनी खिशातून वही काढली, पेन्सिलीनं भागाकार केला. परत केला. मग वही घेऊन माझ्या खिडकीपाशी आले.

"त्या दिवशी राहात्याला परत भरली व्हती. रिकामी गाडी. नऊ पॉइंट चार निघालं व्हतं."

"मग?"

"आज समद्यासकट नऊ पॉइंट एक."

मला गणित कळायला एक क्षण लागला. मी चौथीला शिकवलेलं गणित होतं ते.

"तीनशे मीटर," ते म्हणाले. "लिटरला तीनशे मीटरचा फरक. म्या उभ्या जल्मात उसाच्या दहा-दहा टनांच्या खेपा बघितल्या, म्हनून वाटलं पानी लई खाईल. पन ह्या गाडीला वजनानं काय होत न्हाई, वाऱ्यानं होतं. मला ठाव असायला पाह्यजे हुतं. तीनशे मीटरसाठी म्या तुला..."

ते वही हातात घेऊन उन्हात उभे राहिले. पस्तीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं माझ्याजवळ चूक कबूल केल्याचं मला आठवत नाही, आणि तीही ॲव्हरेजच्या बाबतीत. मला राग येईल असं वाटलं होतं. तीनशे मीटर! आमच्या घरापासून किराणा दुकानापर्यंतचं अंतर! पण मला राग आला नाही, रडूही आलं नाही. मी म्हटलं, "बसा आता. पुरण निवतंय."

गाडी दारात उभी राहिली तशी निम्मी आळी गोळा झाली. भाऊ पुढे आला आणि ह्यांना म्हणाला, "दाजी, लई भारी गाडी! काय देती?" पण मी थांबले नाही. अक्का ओट्यावर होती. किती लहान झाली होती! मी पाया पडायला वाकले तर तिनं मला वरच्यावर धरलं आणि माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली, पांढऱ्या केसांवरून, आणि म्हणाली, "वाळलीस गं बाई."

पहिला गोंधळ ओसरल्यावर मी तिला गाडी दाखवायला नेलं. पुरुष माणसं बाहेर बोनेट उघडून उभी होती. अक्कानं पलंग दाबून बघितला, शेगडी बघितली, "भातुकली हाय गं" म्हणाली. मग मी मागचं दार उघडलं आणि ठरवलं, आता खोटं बस्स. तिला सगळं सांगितलं. ऑपरेशन, साडी, पंप, पाच वर्षं कशासाठी आले नाही ते सगळं.

अक्का त्या छोट्या खोलीत बघत राहिली. मग आत गेली आणि तिनं कडी लावली. बराच वेळ लागला. पाणी सोडल्याचा आवाज आला, मग परत आला. मी घाबरले, "अक्का?" म्हणून हाक मारली.

ती बाहेर आली तेव्हा पदरानं तोंड पुसत होती.

"मला गाडी लागत न्हाई," ती म्हणाली. "कदीच लागली न्हाई."

"अगं, मग?"

"मपली बी हीच गत हाय. धा वर्सं झाली. कुनाला सांगायचं? भावजयीला? सुनांला? मनलं, जाऊ दे, आपुन कुटं जाऊच न्हाई म्हंजी झालं."

मी तिच्याकडे बघत राहिले. पाच वर्षं आम्ही दोघी बहिणी एकच दुखणं दोन घरांत लपवून बसलो होतो, आणि रोज फोनवर एकमेकींना खोटी कारणं सांगत होतो. मला हसू फुटलं. तिलाही फुटलं. आणि हसता हसता दोघींनी एकदमच त्या दाराकडे बघितलं, कोण आधी जाणार म्हणून, आणि मग तर आम्हाला आवरेचना. बाहेरून भावानं विचारलं, "काय झालं गं?" अक्का ओरडली, "तुपल्या कामाचं न्हाई!"

मी बाहेर जाऊन ह्यांना एवढंच सांगितलं, "उद्या अक्का आपल्याबरोबर येतेय." ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग अक्काच्या तोंडाकडे, आणि काही न विचारता भावाला म्हणाले, "पाइप हाय का लांब? पानी भरून घेतो."

सकाळी निघालो. अक्कानं आपली पिशवी मांडीवर धरलेली, सोडायला तयार नाही. करंजीच्या अलीकडे रस्त्याला एक चहाची टपरी दिसली तशी ती एकदम पुढे वाकली.

"पाव्हनं, जरा थांबवा."

ह्यांनी चटकन ब्रेक लावला. "आत जायचंय का, अक्का?"

"न्हाई वो. च्या प्यायचाय." ती म्हणाली. "धा वर्सं झाली, वाटंनं च्या पेले न्हाई मी."

चहा आला. अक्कानं एक कप संपवला, फुंकर न घालता. मग रिकामा कप टपरीवाल्यापुढे धरला आणि म्हणाली, "आनिक दे बाबा. मोठा दे."